खारघरला तर गेलात!

"खारघरला तर गेलात, अमेरिकेला नाही. मग निघायच्या आधी घर आवरायचं सोडून रोज ठाण्यात पायपीट कसली करत होतात दोघं?"

ठाण्यातली नौपाड्याची जागा विकून आम्ही दोघं खारघरला राहायला आलो, तेव्हापासून हे मला नणंदेने विचारलंय, जुन्या बिल्डिंगमधल्या शेजारणींनी विचारलंय, मुलीच्या सासूबाईंनी तर एका लग्नात जेवणाच्या पंगतीत विचारलंय. सामान हलवणाऱ्या पोरानेही विचारलं, कारण तो खोकी घेऊन आला तेव्हा आमच्या दाराला कुलूप होतं. प्रत्येकाला मी तोंडाला येईल ते उत्तर दिलं. डॉक्टरांनी ह्यांना चालायला सांगितलंय. हवा छान होती. भांडीकुंडी काय, मुलगी भरून घेणारच होती. यातलं एकही खोटं नाही, पण कुणाचं समाधान झालं नाही, म्हणून आता एकदाच काय ते लिहून टाकते. जागा का विकली, रिडेव्हलपमेंटचं काय झालं, ते इथे उगाळत नाही. आणि ठाणे स्टेशनच्या नऊ-दहा नंबर प्लॅटफॉर्मवरून पनवेल लोकल पकडली की पाऊण-एक तासात खारघर येतं, हे कृपा करून मला सांगू नका.

फिरायची टूम ह्यांची. माझी नाही, हे आधी नोंदवून ठेवते. ह्यांचा जन्म वागळे इस्टेटमध्ये पाळ्या करण्यात गेला. "मी ठाण्यात राहिलो कुठे? ठाण्यात झोपायला यायचो," असं म्हणतात. रिटायर झाल्यावर मराठी ग्रंथसंग्रहालयाचे सभासद झाले (१८९३ सालची संस्था, ठाणेकराला वेगळं सांगायला नको) आणि तिथे ठाण्यावर जे जे सापडलं ते वाचून काढलं. वाचलं की माणसाला ते कुणाला तरी सांगायचं असतं. जन्म खारकर आळीतला माझा, शाळा-कॉलेज इथलं माझं, आणि ठाणं मला समजावून सांगणार मूळचे राजापूरचे हे!

तरी सुरुवातीचे दिवस मजेत गेले, खोटं कशाला बोलू. सकाळी साडेसातला बाहेर पडायचं, उन्हं तापायच्या आत घरी. कुठे पोचायची घाई नाही. राम मारुती रोडने तलावपाळीला यायचं, कठड्यापाशी बसायचं, मग कौपिनेश्वर. सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकरांनी ते १७६० च्या सुमारास बांधलं आणि १८७९ मध्ये गावातल्या लोकांनी वर्गणी काढून दुरुस्त केलं, ही माहिती मला देवळाच्या पायरीवर मिळाली. श्रावणी सोमवारी त्या रांगेत मी लहानपणापासून उभी राहत आलेय. साल विचारायचं कधी सुचलं नाही. मग टेंभी नाक्याला बेने इस्रायलांच्या, म्हणजे कोकणातल्या ज्यूंच्या, सिनेगॉगसमोर थांबवलं. हेही १८७९ सालचंच. कोकण ज्यांना शनिवार तेली म्हणून ओळखायचं त्यांनी इकडे आपलं प्रार्थनागृह उभं केलं, त्याच वर्षी तिकडे देवळाची डागडुजी. "दोन्हीकडे वर्गणीवरून भांडणं झाली असणार," मी म्हटलं. ह्यांना ते रुचलं नाही. इतिहासातली भांडणं ह्यांना लढाईचीच लागतात.

स्टेशनबाहेर सॅटिसच्या, म्हणजे बसच्या उन्नत मार्गाच्या, खाली उभं राहून १६ एप्रिल १८५३ ची पहिली गाडी सांगितली, चौदा डबे, चारशे पाहुणे, बोरीबंदरहून दुपारी साडेतीनच्या पुढे निघालेली. माझं लक्ष रिक्षाच्या रांगेकडे होतं. तुरुंगापाशी मात्र मी ऐकलं. तुरुंग आहे तो मूळचा किल्ला. पोर्तुगीजांनी बांधायला घेतलेला तो किल्ला १७३७ मध्ये मराठ्यांनी घेतला, १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी. तिथून १८१६ मध्ये पेशव्यांचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे इंग्रजांच्या कैदेतून पळाले. पहारा गोऱ्यांचा, त्यांना मराठी कळेना. खिडकीखाली घोड्याला खरारा करता करता एक मोतद्दार गाण्यातून निरोप सांगत होता, असं म्हणतात. हे सगळं ह्यांनी तुरुंगाच्या भिंतीशी उभं राहून इतक्या मोठ्याने सांगितलं की पहाऱ्यावरचा पोलीस आमच्याकडे बघायला लागला. मग आवाज खाली आला. १९ एप्रिल १९१० ला याच भिंतीआड नाशिकच्या जॅक्सन वधातले कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे फासावर गेले. कान्हेरे अठरा वर्षांचा. ह्यांनी चपला काढल्या, भर रस्त्यात.

आता खारकर आळी. तिथे जायचं मी टाळत होते. कधी बाजारातून, कधी महागिरीतून वळसा घालत होते, आणि हे रोज "खारकर आळी राहिली" म्हणत होते, कारण ह्यांच्या वहीत ती राहिली होती.

आमचं घर बैठं, कौलारू, मागे विहीर. तिथे आता टॉवर उभा आहे. विहिरीच्या जागी गाड्या एकावर एक चढवून ठेवायचं पार्किंग. गेटवर टेबल, टेबलावर रजिस्टर, रजिस्टरला सुतळीने बांधलेलं बॉलपेन, त्याचं मागचं टोक चावून चपटं झालेलं. "किसके यहाँ जाना है?" वॉचमनने विचारलं. म्हटलं, कुठे नाही, नुसतं बघायचंय. "तो एंट्री में क्या लिखूँ?" त्याचं बरोबर होतं. नाव, वेळ, गाडी नंबर, कुणाकडे. त्या शेवटच्या रकान्यात घालायला माझ्याकडे नाव नव्हतं. ह्यांनी पेन उचललं आणि हसत म्हणाले, "लिहू का, माहेर?"

मी म्हटलं, "माहेर कसलं? तुम्हीच म्हणालात ना, करून टाक सही?"

वडील गेले त्याच्या पुढच्या वर्षी मी हक्कसोडपत्रावर, म्हणजे घरातला माझा वाटा भावांसाठी सोडल्याच्या कागदावर, सही केली. घर वडिलांच्या स्वकमाईचं. १९५६ च्या कायद्यापासून मुलीचा त्यात मुलाइतकाच वाटा, हे मला तेव्हाही माहीत होतं. ऑफिसात मी हिशेब बघायची, अडाणी नव्हते. नोंदणी कार्यालयातलं बाकडं आठवतं, दादाच्या हातातली हिरवी फाइल, धाकट्याने सगळ्यांना आणून दिलेला उसाचा रस. पेन माझ्या हातात होतं आणि हे माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "करून टाक सही. उगाच संबंध बिघडतात." हे वाक्य मी जपून ठेवलं होतं. नौपाड्याच्या घराचे हप्ते भरताना, मुलीच्या फीसाठी सोसायटीतून कर्ज काढताना, त्या टॉवरच्या जागेचे भाव कुणी सांगितले की, ते वाक्य वर यायचं. ह्यांना मी ते कधी ऐकवलं मात्र नव्हतं. ऐकवलं त्या गेटवर, वॉचमनसमोर.

हे म्हणाले, "मी असं म्हणालो नव्हतो."

"म्हणालात."

"नाही. मी काहीच म्हणालो नाही. तू माझ्याकडे बघितलंस आणि मी खिडकीबाहेर बघत राहिलो. तेवढंच."

मी काय काय बोलले ते सगळं लिहीत नाही. आवाज चढला होता. एक मुलगी स्कूटी घेऊन बाहेर पडत होती, "आंटी, जरा साइड," म्हणाली, मी बाजूला सरले आणि पुढचं वाक्य तिथून सुरू केलं. वॉचमनने स्टूल पुढे केलं, त्यावर कुणीच बसलं नाही. शेवटी ह्यांनी एकच विचारलं, अगदी शांतपणे, आणि त्या शांतपणाचा मला अजून राग येतो: "आणि दादाचे पैसे?"

हे मी नणंदेला कधी सांगितलेलं नाही, तेव्हा तिला इथेच कळेल. नौपाड्याची जागा घेताना सुरुवातीची रक्कम दादाने दिली होती. सही केली तेव्हा ती पूर्ण फिटलेली नव्हती. नंतर दादाने तो विषय काढला नाही, आम्हीही काढला नाही. तर मग मी सही कुणाच्या सांगण्यावरून केली, की त्या पैशांपायी केली, की संबंधांपायी? चाळिशीतली मी असते तर उत्तर तयार होतं. तेव्हा ऑफिसातल्या मैत्रिणीला मी छातीठोकपणे सांगायची, वाटा मागितला की माहेर तुटतं. तिने मागितला, तिचं तुटलंही. मला वर्षानुवर्षं भाऊबीज मिळाली, दिवाळीला साडी मिळाली, आई असेपर्यंत माहेरपण मिळालं. आजची मी त्या चाळिशीतल्या मला म्हणते, बाई, त्या साड्यांची बेरीज कर आणि खारकर आळीतला चौरस फुटाचा भाव बघ. ती म्हणते, आणि आईच्या शेवटच्या आजारपणात त्या घरात कुठल्या तोंडाने गेली असतीस? यावर माझ्याकडे बोलायला काही नाही. पण तिचं पटलंय असंही नाही.

गेटवरून आम्ही चेंदणीपर्यंत चालत आलो, एक शब्द न बोलता. कोळणी टोपल्या मांडून बसल्या होत्या, ओल्या बोंबलांचा वास सुटला होता. चहा घेतला. मला वाटलं, आता हे काहीतरी बोलतील. बोलले. म्हणाले, "१७८७ मध्ये किल्ल्यात पाया खणताना ताम्रपट सापडले होते. शिलाहार राजा अरिकेसरीचे, १०१७ सालचे. जमीन दान दिल्याचे." मी बघतच राहिले. ह्या माणसाला आत्ता शिलाहार आठवले! "असल्या दानपत्रांत शेवटी शाप असतात," हे चहात बघत म्हणाले, "जो ही जमीन हिरावून घेईल तो साठ हजार वर्षं विष्ठेतला किडा होईल, वगैरे." मी म्हटलं, मग दादाला सांगा. आणि आम्ही दोघं हसलो. त्याला समेट म्हणू नका. संध्याकाळी जेवण वाढलं तेव्हा मी परत बोलत नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे पुन्हा चपला घालून दारात उभे. मी गेले. घरात राहिले असते तर भांडी वर्तमानपत्रात गुंडाळताना त्याच वाक्यावर परत आले असते, आणि घरात आम्हाला भांडता येत नाही, कधीच आलं नाही. एक खोलीत जातो, दुसरा टीव्ही लावतो. रस्त्यावर तसं नसतं. चालता चालता अर्धं बोलायचं, सिग्नलला थांबायचं, पलीकडे गेल्यावर उरलेलं. नंतरच्या दिवसांत ह्यांनी साल-तारखांचं सांगणं कमी केलं, असंही नाही. कचराळी तलावाला दोन फेऱ्या घालताना दादाच्या पैशांचा हिशेब आम्ही पहिल्यांदा तोंडाने केला. तो जुळला नाही. ह्यांच्या मते थोडं देणं राहिलं, माझ्या मते व्याजासकट फिटलं. खोकी तोवर रिकामीच होती, हे खरं. मुलीची चिडचिड झाली, तेही खरं.

इथे आल्यावर मी दादाला पुण्याला फोन लावला. इकडचं-तिकडचं झाल्यावर सहज विचारल्यासारखं विचारलं, सही करताना हे नक्की काय म्हणाले होते रे? दादा म्हणाला, "अगं, तुझा नवरा त्या दिवशी तिथे नव्हताच. त्याची दुसरी पाळी होती ना. तू एकटीच आली होतीस."

मी ह्यांना सांगितलं. हे चिडले. नव्हतो म्हणजे काय, बाहेरच्या झेरॉक्सवाल्याने दोनदा पैसे घेतले म्हणून मी त्याच्याशी हुज्जत घातली होती, म्हणाले. झेरॉक्सवाला मला आठवत नाही.

नोंदणी झालेल्या दस्ताची नक्कल अर्ज केला की मिळते. साक्षीदार म्हणून ह्यांची सही असली, तर हे तिथे होते एवढं तरी ठरेल. कोण काय म्हणालं ते त्यात नसतं. हे म्हणतायत, अर्ज करू, त्या निमित्ताने एक चक्कर होईल. मी अजून हो म्हटलेलं नाही.