आम्ही की आपण

दिवस नववा, मंगळवार

पहाटे साडेपाचला उठले. खोलीतल्या तिघी गाढ झोपलेल्या, म्हणून पवित्र शास्त्र (बायबल) घेऊन जिन्याच्या पायरीवर येऊन बसले. शांत वेळेचं वाचन मी अजून मराठीतच करते. दिवसभर इंग्रजी आणि इथली भाषा यांच्यात ओढाताण चाललेली असते, निदान देवाशी तरी धड बोलता यावं.

आज प्रेषितांची कृत्ये, दुसरा अध्याय. यरुशलेमेत जमलेल्या परदेशी लोकांपैकी प्रत्येकाला आपापल्या भाषेत ऐकू येऊ लागलं, तो प्रसंग. आमच्या टीमच्या वाट्याला तो चमत्कार काही आलेला नाही. आम्ही क्रियापदं घोकतोय.

रोजनिशीत मी ना गावाचं नाव लिहीत, ना माणसांचं. टीमचा तसा नियमच आहे. सुरुवातीला मला तो अतिरेक वाटला होता. पण आम्ही दोन महिन्यांत सामान बांधून निघून जाणार, इथले विश्वासणारे इथेच राहणार. आमच्या उत्साही लिखाणाचा ताप त्यांनी का सोसायचा? हे पटलं, तेव्हापासून पाळते.

तीन महिने मिशनच्या प्रशिक्षणाचे वर्ग झाले, आता आउटरीच, म्हणजे परक्या मुलखात जाऊन सेवा करायची आणि येशूची सुवार्ता सांगायची. सात जण, पाच देश, एक संडास. संस्कृतींमधले फरक आणि भांडणं कशी मिटवायची यावर वर्गात सलग तीन दिवस शिकवलं होतं. ते सगळं रोज सकाळी सव्वासात वाजता त्या एका दाराबाहेर कसाला लागतं.

दुपारी मंडळीच्या, म्हणजे इथल्या चर्चच्या, स्वयंपाकघरात होते. आठवड्यातून तीनदा इथे मोफत जेवण असतं. जेवणाच्या रांगेत पत्रकं वाटायची नाहीत, अशी इथल्या पाळकांची सक्त ताकीद आहे. आमच्यातल्या एकाला हे अजिबात रुचलं नाही. एवढ्या लांब आलो ते कशाला, असं तो तोंडावर म्हणाला. पाळक शांतपणे म्हणाले, "ज्याच्या हातात रिकामी थाळी आहे त्याला नाही म्हणता येत नाही. ज्याला नाही म्हणता येत नाही त्याला विचारू नये." मला ते बरोबर वाटलं. मी बोलले मात्र नाही, कारण परवाच त्याने माझे कपडे वाळत घातले होते.

मला भांडी घासायला बसवलं. माझ्याबरोबर इथल्या एक आजी असतात. आजी मीच म्हणते, त्यांना त्याचा अर्थ माहीत नाही, पण हाक मारली की वळून बघतात. त्या माझ्या खऱ्या शिक्षिका. पाण्यातून एकेक वस्तू वर काढतात, कोपरापर्यंत ओघळ गळत असताना ती माझ्या नाकासमोर धरतात आणि तिचं नाव म्हणतात. मी म्हणायचं. चुकलं की वस्तू पुन्हा पाण्यात बुडवायची आणि पुन्हा वर काढायची. आज "पळी" पाच वेळा बुडाली.

दिवस दहावा, बुधवार

रात्रीच्या प्रार्थना-साखळीत माझी पाळी तीन ते चार. जर्मनीत हेर्नहूट इथे मोराव्हियन पंथाच्या लोकांनी १७२७ मध्ये तासातासाच्या पाळ्या लावून अखंड प्रार्थना सुरू केली आणि ती शंभर वर्षांहून जास्त काळ चालली, हे वर्गात ऐकलं तेव्हा अंगावर काटा आला होता. मी आज वीस मिनिटं जागी होते. चार वाजता पुढची मुलगी उठवायला आली तेव्हा गालावर वहीच्या तारेचे वळ होते. गेथशेमाने बागेत येशू प्रार्थना करत असताना झोपी गेलेल्या त्या तिघा शिष्यांबद्दल माझं मत बरंच सौम्य झालंय.

दिवस बारावा, शुक्रवार

शुक्रवार म्हणजे अहवाल. छापील कागद आहे, चार रकाने. किती जणांशी बोललात. किती जणांना सुवार्ता सांगितली. किती जणांसाठी प्रार्थना केली. किती निर्णय, म्हणजे किती जणांनी येशूला स्वीकारायचं ठरवलं.

पहिल्या रकान्यावरच अडले. आजींबरोबर आठवडाभरात सहा-सात तास तरी गेले. मग त्या एक का? आणि जे बोलले ते पळी, झारा, झाकण, बादली. ह्याला "बोलले" म्हणायचं का? बाजूला बसलेल्या मुलाने भराभर लिहिलं: ४०. मी विचारलं, चाळीस कसे? तर म्हणे बसमध्ये उभं राहून साक्ष दिली, म्हणजे आपल्या विश्वासाची गोष्ट सांगितली, बसमध्ये साधारण तेवढे असतील. मी म्हटलं, ड्रायव्हर धरून का? तो चिडला. मी माफी मागितली. संध्याकाळी दोघांनी मिळून कांदे चिरले, त्यात कोण कशासाठी रडतंय ते कळायची सोय नव्हती.

नंतर अंथरुणात पडल्या पडल्या फादर स्टीफन्स आठवले. मराठी ख्रिस्ती घरात वाढलेल्या पोराला दोन परदेशी मिशनरी चुकत नाहीत, एक थॉमस स्टीफन्स आणि दुसरे विल्यम केरी. स्टीफन्स इंग्लंडचे, १५७९ मध्ये गोव्याला उतरले. त्यांचं ओवीबद्ध क्रिस्तपुराण छापून झालं १६१६ मध्ये. मध्ये ३७ वर्षं. म्हणजे जवळजवळ एकोणीसशे शुक्रवार. त्यातल्या एखाद्या शुक्रवारी त्यांनी काय लिहिलं असतं? "या आठवड्यात: 'ळ' थोडा सुधारला."

केरींचंही तेच. १७९३ च्या नोव्हेंबरात बंगालमध्ये पोचले आणि त्यांच्या कामातून पहिल्या बंगाली माणसाचा बाप्तिस्मा झाला २८ डिसेंबर १८०० रोजी. निर्णयांच्या रकान्यात सात वर्षं शून्य. तो पहिला माणूस, कृष्ण पाल, सुतार होता. त्याचा हात खांद्यातून निखळला म्हणून तो मिशनऱ्यांकडे आला आणि केरींचे सहकारी डॉ. थॉमस यांनी हात बसवून दिला, तिथून ओळख वाढली. सात वर्षं दिलेल्या प्रवचनांचं काय झालं देव जाणे, शेवटी दार उघडलं ते खांद्याने. त्याच केरींनी पुढे वैजनाथ पंडितांची मदत घेऊन मराठी शिकून १८०५ मध्ये मराठीचं व्याकरण छापलं. घोकंपट्टी त्यांनाही चुकली नाही, एवढाच माझा दिलासा.

आता यातून मी स्वतःला स्टीफन्सच्या पंगतीत बसवतेय असं कुणी समजू नये. त्यांच्याकडे ३७ वर्षं होती. माझ्याकडे परतीचं तिकीट आहे.

दिवस चौदावा, रविवार

आज उपासनेत माझी साक्ष. तीन मिनिटांची, वर्गात घोटून घेतलेली: आधी कशी होते, प्रभू कसा भेटला, आता काय. दुभाषा शेजारी उभा. मी इंग्रजीत एक वाक्य बोलले की तो तीन बोलायचा, आणि मी तीन बोलले की तो मान हलवून एकच. माझ्या साक्षीतलं काय त्याला मोलाचं वाटलं आणि काय फालतू, ते चारचौघांत उघडं पडत होतं.

शेवटचं वाक्य इथल्या भाषेत म्हणायचं असा हट्ट मीच धरला होता. "येशूने माझी पापं धुतली." रात्री पंचवीस वेळा पाठ केलं होतं. पण इथल्या भाषेत पापं आणि भांडी या दोन शब्दांत एका स्वराचा फरक आहे, आणि माझी जीभ भांड्यांना सरावलेली. मी खणखणीत आवाजात, हात छातीवर ठेवून सांगितलं की येशूने माझी भांडी धुतली.

क्षणभर शांतता. मग तिसऱ्या बाकावरून आजींचा आवाज आला. काय म्हणाल्या ते कळलं नाही, पण सगळी मंडळी हसून हसून बाकांवर आडवी व्हायची बाकी राहिली. दुभाष्याने डोळे पुसत सांगितलं: "त्या म्हणतायत, खोटं आहे, भांडी मी धुतली."

उपासनेनंतर आठ-दहा जण येऊन हातात हात देऊन गेले. कुणी गाल ओढला. एरवी आमच्याशी अदबीने, दोन हात लांबून बोलणारे लोक. पाठ केलेल्या तीन मिनिटांनी जे झालं नसतं ते एका चुकलेल्या स्वराने झालं, आणि तो स्वर मुद्दाम चुकवता येत नाही हीच पंचाईत.

दुसरी एक गोष्ट मात्र मनात घोळतेय. साक्ष आधी मी मराठीत लिहिली, मग तिचं इंग्रजी केलं. मराठीत एका जागी पेन थांबलं होतं. "देवाला आमची काळजी आहे" लिहू की "आपली काळजी आहे"? इंग्रजीत प्रश्नच नाही, दोन्हीला एकच शब्द. दुभाष्याला विचारलं तर तो म्हणाला, आमच्याकडेही एकच. आम्ही म्हटलं की समोरचा बाहेर राहतो, आपण म्हटलं की तो आत येतो, हे त्याला समजावून सांगताना माझी दमछाक झाली. त्याला हा मराठीचा निव्वळ उद्योगीपणा वाटला असावा. "मग प्रार्थनेत तुम्ही देवाला आत घेता की बाहेर?" त्याने विचारलं. "आमच्या स्वर्गातील पित्या" म्हणताना देव बाहेरच असतो, त्याच्याशीच बोलत असतो ना आपण. हे मी आयुष्यभर म्हणत आलेय आणि कधी लक्षात आलं नव्हतं.

आणि गेल्या दोन आठवड्यांत रस्त्यावर, बागेत, दारोदार मी जे काही बोलले ते मनातल्या मनात मराठीत परत फिरवून पाहिलं. बहुतेक सगळं "आम्ही" आणि "तुम्ही"मध्ये होतं. आम्ही आलोय, तुम्हाला सांगायला.

दिवस पंधरावा, सोमवार

आईचा फोन. नीट जेवतेस का, थंडी आहे का, आणि लोकं ऐकतात का. तिसऱ्या प्रश्नाला "हो" म्हटलं. नंतर वाटलं, सांगायला हवं होतं की सध्या मीच ऐकतेय.

पाठबळ देणाऱ्यांना प्रार्थना-पत्र पाठवायचं होतं. फोटो मागितले होते, शक्यतो मुलांबरोबरचे. मी भांड्यांच्या ढिगाचा पाठवला.

दिवस अठरावा, गुरुवार

मुलांच्या वर्गाची भिंत रंगवायचं काम. रंग देण्याआधी जुने पोपडे खरवडायला पत्र्याची पट्टी दिली. खिडकीच्या कोपऱ्यात हाताएवढा पापुद्रा अखंड निघून आला. उलटा करून कडेने पाहिला तर थर मोजता येत होते: वर पिवळा, खाली फिका हिरवा, मग आकाशी, मग परत पिवळा, तळाला चुन्याचा पांढरा. आम्ही आणलेला रंग आकाशी.

देखरेखीला आलेल्या काकांना तो पापुद्रा दाखवला. त्यांनी बोटाने एकेक थर टिपत वर्षं सांगितली. पिवळा गेल्या वर्षीच्या टीमचा. हिरवा त्याच्या आदल्या. भिंतीला रंगाची गरज होती का, असं विचारलं तर ते नुसते हसले आणि छताकडे बघितलं. छताच्या एका कोपऱ्यात ओलीचा मोठा डाग आहे. छत गळतं. पण गळतं छत दुरुस्त करायला माहितगार गवंडी लागतो. आमच्यासारख्या सात जणांना दोन दिवसांत देता येईल असं काम म्हणजे भिंत.

त्यांच्या चेहऱ्यावर राग वगैरे काही नव्हता. पाहुण्याला हातात काहीतरी काम द्यावं, म्हणजे त्याला अवघडल्यासारखं होत नाही, तसं ते होतं. मी उरलेली भिंत खरवडली, रंग दिला, चांगला दिला. तो पापुद्रा खिशात घालून आणला. आता वहीत ठेवलाय, कडेने चुरा होतोय.

रात्री टीमच्या बैठकीत छताचा विषय काढला. उरलेल्या पैशांतून गवंड्याची मजुरी द्यावी आणि आपण नुसता माल वर चढवून द्यावा. दोघांना पटलं, दोघांना नाही, टीम लीडर म्हणाला विचारून बघतो. कांदे चिरणारा माझ्या बाजूने बोलला.

दिवस एकोणिसावा, शुक्रवार

आजी तीन दिवस आल्या नव्हत्या. दुभाषा कामात, म्हणून मी एकटीच त्यांच्या घरी गेले. उजवं मनगट सुजलेलं, ओढणीच्या तुकड्याने बांधलेलं. पडल्या होत्या. मी कुठे दुखतं, केव्हापासून, डॉक्टर, हे शब्द शोधत होते. मला येत होते पळी, झारा, झाकण, बादली. बादली उपयोगी पडली. पाणी आणलं, फडकं पिळलं, मनगटावर ठेवलं. सिंकमध्ये चार कप पडले होते, ते घासले. त्या खाटेवरून बघत होत्या आणि एक कप परत घासायला लावला.

निघताना मी त्यांच्यासाठी प्रार्थना करायला हात जोडले तर त्यांनी डाव्या हाताने माझं डोकं खाली ओढलं आणि स्वतःच सुरू झाल्या. बराच वेळ. मला तुटक तुटक कळत होतं: पाणी, लांब, आई, माझं नाव, मग भांडी (की पापं, देव जाणे, तो स्वर माझ्या कानाला अजून वेगळा कळत नाही). आणि तो एक शब्द पुन्हा पुन्हा, जो आम्हीही आहे आणि आपणही. मी मनात मराठी करत गेले आणि प्रत्येक वेळी मला एक निवडावा लागला.

आत्ता साडेनऊ वाजलेत. अहवालाचा कागद समोर कोराच आहे, आणि टीम लीडरने दोनदा दार वाजवलंय.