पहाटेची मोटर आणि कॅलिफोर्नियाचा नियम

परवा पहाटे साडेचारला बेल. दारात तिसऱ्या मजल्यावरचे काका, खांद्यावर पंचा. "वहिनी, टाकी वाहतेय, मोटर चालूच राहिली." वॉचमन लग्नाला गावी गेलेला. दांडिया बाजारातल्या आमच्या १८ फ्लॅटच्या सोसायटीची मी बिनपगारी सेक्रेटरी. जिन्यातून पाणी पायरी पायरी उतरत होतं; चपला हातात घेऊन खाली गेले, स्विच पाडला.

सकाळी लॉस एंजेलिसच्या भाच्याला हे गाऱ्हाणं ऐकवलं. तो हसून म्हणाला, "मावशी, इथे याचा पगार मिळतो." कॅलिफोर्नियात १६ किंवा जास्त अपार्टमेंट असलेल्या इमारतीत मालक राहत नसेल, तर मॅनेजर, जॅनिटर किंवा कुणीतरी जबाबदार माणूस तिथेच राहायला हवा. ५ ते १५ असतील, तर मालकाचं किंवा त्याच्या एजंटचं नाव-पत्ता दिसेल असा लावला तरी चालतं. आणि राहायला घर दिलं म्हणजे झालं, असं नाही! तो नोकरदार धरला जातो, किमान वेतन द्यावंच लागतं. घराचं भाडं त्यात धरायचं तर आधी लेखी करार.

आमच्याकडे काय, १८ घरांचे १८ मालक. सगळेच राहतात आणि जबाबदार कुणीच नाही.

दुपारी मोटरच्या खोलीवर खडूने माझा मोबाइल नंबर लिहिला. संध्याकाळी पाहते तर खाली कुणीतरी लिहिलेलं: "पहाटे पण चालेल."