शृंगी घुबड, विट्याजवळची घळ: नोव्हेंबर ते जानेवारी कुठवर आलो

मागचा अख्खा हिवाळा मी पिंगळ्यांवर काढला. घरामागच्या चिंचेवरची जोडी, माणसांची सवय झालेली, त्यामुळे फोटो मिळत गेले. यंदा ठरवलं होतं शृंगी घुबड, डोक्यावर पिसांची दोन शिंगं असलेलं आपलं मोठं घुबड, आणि तेही फ्लॅश नाही, टॉर्च नाही, जो काय उजेड असेल त्यातच. तीन महिने झाले म्हणून लिहून ठेवतोय.

जागा म्हणजे येरळा नदीला मिळणारा एक ओढा, विट्यापासून गाडीवर पाऊण तास, एका बाजूची दरड उभी तुटलेली आणि तिच्यात कपारी. यापेक्षा जास्त सांगणार नाही, कुणी राग मानू नका. घुबडाला १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे तरी दिवाळीच्या तोंडावर जादूटोण्यासाठी त्यांना धरून विकणारे असतातच, आणि हा पक्षी काड्याबिड्यांचं घरटं बांधत नाही, कपारीतल्या मातीवरच अंडी घालतो, म्हणजे माणूस वाकून आत हात घालू शकेल इतकं सोपं. त्यामुळे फोटोत ओळखू येईल असा दगड आला तरी मी तो क्रॉप करतो.

नोव्हेंबरचा दुसरा आठवडा

पहिल्याच खेपेला चूक केली. दुपारी तीनला गेलो, काठाकाठानं चालत दरडीच्या वर आलो आणि डोकावलो. मादी खाली पंधराएक मीटरवर बसलेली होती, ती उडाली आणि समोरच्या बाभळीवर उन्हात जाऊन बसली. दोन मिनिटात कावळे आले, मागनं कोतवाल पक्षी आला, आणि पाऊण तास त्यांनी तिला टोचून टोचून हैराण केलं. मी त्या वेळात चाळीसभर फोटो काढले. आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपायची क्षमता, वाढवली की फोटो दाणेदार होतो) फक्त ४००, डोळा अगदी कट शार्प. घरी येऊन मोठ्या स्क्रीनवर बघितलं तर प्रत्येक फोटोत शिंगं ताठ, अंग आवळून काठीसारखं बारीक केलेलं, डोळे वटारलेले. घाबरलेलं घुबड असंच दिसतं. ते फोटो मी कुणाला दाखवले नाहीत आणि दाखवणारही नाही. वीण नोव्हेंबर ते एप्रिल, आणि आपण कॅमेरे घेऊन नेमके त्याच दिवसात बाहेर पडतो, हे मला पुस्तकातनं माहीत होतं पण त्या दिवशी डोक्यात आलं नाही याचं वाईट वाटतं.

डिसेंबर

मग पद्धत बदलली. ओढ्याच्या अलीकडच्या काठावर, सत्तर मीटर लांब, घायपाताच्या आडोशाला. पाच वाजता जाऊन बसायचं आणि पूर्ण अंधार पडल्याशिवाय उठायचं नाही. लहान सेन्सरचा कॅमेरा (क्रॉप बॉडी) आणि लांबचं जवळ आणणारी १५०-६०० ची लेन्स, पूर्ण ६०० ला उघडली तरी पक्षी फ्रेममध्ये बारकाच दिसतो. सुरवातीला हे फार खटकलं, आता आवडायला लागलंय कारण दरड, वाळलेलं कुसळी गवत, वरचं आभाळ सगळं फोटोत येतं आणि पक्षी आपल्या घरात असल्यासारखा दिसतो. ट्रायपॉडऐवजी आईनं जुन्या जीन्सच्या पायाची पिशवी शिवून दिली, तिच्यात तीन किलो ज्वारी भरली, दगडावर ठेवून लेन्स तिच्यात रुतवली की हलत नाही.

आवाजाबद्दल एक गोष्ट कळली ती सांगतोच. पलीकडच्या रस्त्यानं उसाच्या ट्रॉल्या मोठ्यांदा गाणी लावून जातात, नराला त्याचं काही नाही, मान पण वळवत नाही. पण मी बॅगेचं वेलक्रो उघडलं, सत्तर मीटरवरनं, तर खट्टदिशी मान वळून दोन नारिंगी डोळे थेट माझ्यावर. तेव्हापासून बॅटरी, कार्ड, कानटोपी सगळं गाडीजवळच काढून खिशात ठेवतो आणि शटर इलेक्ट्रॉनिक ठेवतो.

एका संध्याकाळी मेंढरं घेऊन एक मामा आले, माझ्याजवळ टेकले, म्हणाले, "घुबाड बघाय आलायसा व्हय?" म्हटलं व्हय मामा. "आमच्या म्हाताऱ्यानं बी हितंच बघितल्यालं. बघा खुशाल, दगूड तेवढा मारू नगा. मारल्याला दगूड उचलून न्हेतंय आन् पाण्यात घासत बसतंय, दगूड झिजंल तसं माणूस झिजतंय." लहानपणी हे आजीकडनं ऐकलं होतं तेव्हा नुसती भीती वाटायची. त्या दिवशी मात्र मामांचे आभार मानावेसे वाटले, कारण त्या बोलण्यापायी या दरडीवर कुणी दगड भिरकावला नसणार.

२७ डिसेंबर. सूर्य सहाच्या जरा पुढं बुडाला, सव्वासहाला नर त्याच्या ठरलेल्या दगडावर आला. कपारीपासून हा दगड बराच लांब आहे. अंग पुढं झुकवलं आणि गळ्याखालचा पांढरा पट्टा कापसाच्या बोळ्यासारखा फुगला, मग आवाज आला, बू-हूऽऽ, दुसरा सूर लांब आणि इतका खालचा की कानापेक्षा छातीत जास्त जाणवतो. परत गळा बसला, पट्टा जवळजवळ दिसेनासा झाला. दहाएक सेकंद गेले, परत फुगला. मी शटर १/४० सेकंदाला ठेवलं होतं, लेन्सचं तोंड एफ ६.३, आयएसओ ५०००. घुमताना अंग हलतं त्यामुळे त्या क्षणाचे फोटो सगळे हललेले, पण गळा फुगून होतो आणि आवाज सुरू व्हायचा असतो तेवढ्यात तो एकदम दगड होतो. ती वेळ धरली. तेवीस फ्रेम, त्यातल्या दोन चांगल्या. ऑटोफोकस अंधारात डोळ्यावर नुसता मागंपुढं भटकत होता म्हणून फोकसचा पॉइंट त्या पांढऱ्या पट्ट्याच्या कडेवर टाकला, तिथं काळंपांढरं मिळतं त्यामुळे पकडतो. शिंगं सैल, डोळे अर्धे मिटलेले, आणि नोव्हेंबरच्या त्या कट शार्प चाळीस फोटोंपेक्षा ही दाणेदार दोन मला कितीतरी प्रिय आहेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या दगडाखालनं तीन गोळे उचलले. न पचलेली हाडं, केस ते असे ओकून टाकतात. अंगठ्यापेक्षा जाड, राखेच्या रंगाचे. कोमट पाण्यात सोडवले तर एकात उंदराचा खालचा जबडा अख्खा, पुढचे दात गाजरासारखे नारिंगी, अजून धारदार. तो काडेपेटीत घालून शेजारच्या शाळूवाल्या शेतकरी दादांना दाखवला, म्हटलं उंदराचं औषध टाकू नका, ते खाल्लेला उंदीर याच्या पोटात जातो. त्यांनी काडेपेटी ठेवून घेतली, पोरांना दाखवतो म्हणाले.

जानेवारी

मधे एकदा म्हसवडकडच्या माळावर शॉर्ट-इअर्ड आऊलसाठी गेलो होतो, उत्तरेकडनं हिवाळ्यात येणारं, गवतात जमिनीवरच बसणारं. एक दिसलं, लांबून, दहानंतर तापलेल्या मातीच्या झळांनी फोटो लोण्यासारखा झाला. तिकडं उजाडतानाच पोचायला पाहिजे.

घळीत ४ तारखेपासून संध्याकाळी मादी दिसत नाही, नर मात्र रोज आहे आणि एकदा तोंडात उंदीर घेऊन कपारीकडे गेला. अंड्यावर बसली असणार. उबवायला पाचएक आठवडे लागतात, त्यामुळे फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत मी तिकडं जाणार नाही, गेलो तरी रस्त्यावरनं नुसता आवाज ऐकून येईन. तोवर पिशवीतली ज्वारी बदलायचीय, दवानं ओली होऊन वास यायला लागलाय.