चिऊच्या बोटाचा क्लेम

आमच्या चिऊचं खरं नाव काय, हे एका विमा कंपनीला पटवून द्यायला मला साडेचार महिने लागले.

चिऊ सव्वातीन वर्षांची. पुण्यातल्या तिच्या नर्सरीत वर्गाचं दार वाऱ्याने आपटलं आणि उजव्या अनामिकेचं टोक बिजागरीच्या फटीत सापडलं. नख उचकटलं. एवढ्या लहान मुलीला टाके घालायचे म्हणजे पूर्ण भूल, त्यामुळे एका पेराचं बिल ३८ हजारांवर गेलं. बोट छान भरलं, नखही आलं, जरा वाकडं.

शाळेच्या बाई हॉस्पिटलमध्येच म्हणाल्या होत्या, "काळजी करू नका, आपल्या सगळ्या मुलांचा विमा आहे." होताच. फीच्या पावतीवर 'अपघात विमा ३०० रुपये' अशी ओळ होती, मी ती कधी नीट वाचली नव्हती. त्या भरात सगळी ओरिजिनल बिलं बाईंच्या हातात दिली. शुद्ध गाढवपणा. द्यायचीच असतील तर आधी स्कॅन करा आणि सही-शिक्क्याची पोच घ्या.

तीन आठवड्यांनी कंपनीचा मेल आला: या नावाचे मूल यादीत नाही.

यादी मागवली. एकविसाव्या नंबरवर आमची लेक होती, 'चिऊ' आणि पुढे आडनाव. प्रवेशाच्या फॉर्मवर 'घरी काय हाक मारता?' असा रकाना होता, यादी टाइप करणाऱ्या मुलीने नेमका तोच उचलला होता. वीस नंबरला गोलू, बावीसला माऊ. अख्ख्या वर्गाचा विमा लाडाच्या नावांनी उतरवलेला!

मला वाटलं, दोन ओळींचं काम. लेटरहेडवर लिहायचं की चिऊ आणि ही मुलगी एकच. बाई म्हणाल्या, "ट्रस्टींना विचारून सांगते." बारा दिवसांनी पत्र मिळालं: 'सदर पाल्यास किरकोळ दुखापत झाली असे पालकांचे म्हणणे आहे.' नावाचा पत्ताच नाही. दुसऱ्या पत्रात नाव आलं, शिक्का राहिला. तिसऱ्यात शिक्का होता, पण कंपनी म्हणाली की अपघात शाळेच्या आवारात झाल्याचा स्पष्ट उल्लेख हवा. आणि तिथे गाडी रुतली ती रुतलीच.

प्रत्येक वेळी मी त्या ऑफिसात मुलांच्या लाल प्लास्टिकच्या खुर्चीवर गुडघे हनुवटीला लावून बसायचे, कारण पालकांसाठी दुसरी खुर्चीच नव्हती. बाई पेन उघडायच्या, 'शाळेच्या' एवढं लिहायच्या आणि थांबायच्या. पाचव्या खेपेला खरं काय ते बाहेर पडलं. "लिहून दिलं तर उद्या तुम्ही आमच्यावर केस कराल."

मी सांगितलं, चूक कोणाची हे या पॉलिसीत कोणी विचारतच नाही, अपघात झाला एवढं पुरतं. तुम्ही लिहिलंत तर पैसे कंपनी देईल, नाहीतर मी तुमच्याकडेच मागणार. खरं तर ग्राहक आयोगाचा रस्ता मलाही सरळ दिसत नव्हता. वकील मैत्रिणीने आधीच सांगितलं होतं की २०२० मध्ये राष्ट्रीय आयोगाने कोचिंग क्लास सोडून शिक्षणसंस्था ग्राहक कायद्याबाहेर ठेवल्या, त्यामुळे नर्सरी ही 'सेवा' आहे का इथूनच भांडण सुरू होईल. पाळणाघराचं वेगळं मांडता येतं म्हणे, आणि मुदत २ वर्षांची असते. हे बाईंना सांगायची गरज पडली नाही. मी कॅज्युअल्टीचा केसपेपर पुढे सरकवला. त्यावर ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी लिहिलं होतं: शाळेत दारात बोट सापडले, सकाळी ११.२०. बाईंनी तो दोनदा वाचला आणि पत्र पुरं केलं. म्हणून सांगते, रडारडीतही डॉक्टरांकडून कुठे आणि कसं लागलं हे लिहून घ्या.

(सासरेबुवांनी राज्य सरकारची राजीव गांधी विद्यार्थी अपघात योजना सुचवली होती. ती पहिली ते बारावीसाठी आहे, नर्सरीवाल्यांनी तिथे चकरा मारू नयेत.)

पुढे दोन्ही नावांचं प्रतिज्ञापत्र झालं, ५०० रुपयांच्या मुद्रांकावर. १०० चा जमाना ऑक्टोबर २०२४ मध्ये संपला. मग कंपनीने चिऊच्या नावाचा कॅन्सल्ड चेक मागितला. सव्वातीन वर्षांच्या मुलीचा! बँकेत अज्ञान, म्हणजे अल्पवयीन मुलाचं, खातं उघडलं, शेवटी पासबुकाचं पहिलं पान चाललं. त्यानंतर पुन्हा शांतता. मी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला मेल केला की आता विमा भरोसा या विमा नियामकाच्या तक्रार पोर्टलवर जाते आणि मग विमा लोकपालाकडे. लोकपालाचं ऑफिस पुण्यातच आहे, फी नाही, वकील लागत नाही. तीन दिवसांत फोन आला, अगदी गोड आवाजात. हा मेल मी महिनाभर आधी करायला हवा होता.

मिळाले २५ हजार, उपचार खर्चाची मर्यादा तेवढीच होती. वरच्या तेरा हजारांसाठी पुन्हा त्या लाल खुर्चीवर बसायची माझी तयारी नव्हती.

जूनमध्ये नवीन वर्षाचा फॉर्म आला. 'घरी काय हाक मारता?' हा रकाना जागेवरच आहे. मी त्यात आधार कार्डावरचं पूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट.