हॅलोविनच्या रात्री जेवायला काय करायचे, हे तुम्ही विचारलंत म्हणून

ऑक्टोबर निम्मा सरला की हा प्रश्न मला दरवर्षी विचारला जातो. न्यू जर्सीतल्या आमच्या गावात नव्याने राहायला आलेल्या मराठी घरांतून तो येतो, बहुतेक वेळा बाईकडून येतो आणि मलाच येतो. त्या संध्याकाळी ओट्यापाशी निम्मा वेळ माझा नवरा उभा असतो, तरी त्याला आजवर कोणी विचारलेले नाही. पुण्याच्या माझ्या वन्सं तेच वेगळ्या सुरात विचारतात, "तुमच्या त्या भुतांच्या सणाला नैवेद्य काय दाखवतेस गं?" त्या रात्री वेष बदलून दारोदार फिरणाऱ्या मुलांना द्यायला गोळ्या-चॉकलेटे किती आणायची ते सगळ्यांना ठाऊक असते, अडते ते जेवणापाशी. तर माझे उत्तर मिसळ हे आहे, आणि तीही दुपारी सव्वाचार वाजता. एवढे ऐकले की विचारणारीचा चेहरा पडतो, कारण मिसळ तिलाही येते आणि तिला हवे असते ते हॅलोविनसारखे दिसणारे काहीतरी.

तसे दिसणारे मीही केलेले आहे, तेही सलग तीन वर्षे. उकडलेल्या अंड्यांवर ऑलिव्हच्या चकत्यांचे डोळे केले, सॉसेजभोवती कणकेच्या पट्ट्या गुंडाळून त्यांच्या ममी केल्या, पालक वाटून घातलेल्या भाताला चेटकिणीचा भात म्हटले. फोटो उत्तम आले. अंडी दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी डोळे काढून खाल्ली. तेव्हाची मी आज समोर असती तर म्हणाली असती की इतर मुलांच्या आया करतात, मग माझ्याच मुलाने का मागे राहावे. तिचे अगदीच चुकत होते असे मला म्हणवत नाही. परक्या देशातला सण आपल्या घरात कसा आणायचा हे तिला कोणी शिकवलेले नव्हते आणि ती हाताला येईल ते करून पाहत होती.

मग 2016 साल आले. त्या वर्षी 31 ऑक्टोबर सोमवारी होता आणि सासूबाईंनी सांगलीहून येताना आणलेल्या कॅलेंडरप्रमाणे त्याच दिवशी दिवाळीचा पाडवा होता. यंदा भुतांना घरात थारा नाही, असे मी ठरवले आणि श्रीखंड-पुरी, बटाट्याची भाजी, मसालेभात, काकडीची कोशिंबीर, अळूवड्या असा बेत केला. साडेसातला पाने मांडायची, त्याआधी औक्षण. मुलगा आठ वर्षांचा होता आणि अंतराळवीर झाला होता. खोक्याचे शिरस्त्राण त्याच्या बाबांनी दोन रात्री जागून रंगवले होते. शेजारच्या गल्लीतला त्याचा मित्र बरोबर होता, आणि दोघांना घेऊन निघालेल्या नवऱ्याला मी सातच्या आत परत या असे बजावले होते. आता वाटते की ते बजावणेच वेडेपणाचे होते. ऑक्टोबरच्या अखेरीला इथे सूर्य सहाच्या जरा आधी मावळतो, खरी मजा त्यानंतर सुरू होते आणि आठपर्यंत गल्लीतून कोणाचाही पाय निघत नाही.

घरी मी, सासूबाई आणि दोन वर्षांची मुलगी. दर दोन मिनिटांनी दारावरची घंटा वाजत होती. सासूबाई हौसेने दार उघडून प्रत्येक पिशवीत ओंजळभर गोळ्या ओतत होत्या, त्यामुळे दोन तासांचा साठा साडेसहालाच संपला. मी पुऱ्या लाटत असताना बाहेरून त्यांचा आवाज आला, "घे बाळा, घरचा आहे." कागदी रुमालात गुंडाळून त्या बेसनाचे लाडू वाटत होत्या. इथले आईवडील अनोळखी घरातला सुटा, हाताने केलेला पदार्थ मुलांना खाऊ देत नाहीत, आणि आमच्या लाडवांत तर काजू होते; कोणाला काजू बाधत असतील या धास्तीने मी तशीच दाराकडे धावले. मागे कढईतले तेल तापून धुमसू लागले आणि धुराचा भोंगा वाजला. तो बंद करायला हात पोचेना, मुलगी रडू लागली आणि दारात उभे असलेले तीन सांगाडे आत वाकून पाहू लागले.

मंडळी परतली ती सव्वाआठला. पुऱ्या बसल्या होत्या, वड्या मऊ पडल्या होत्या. मुलाने अर्धी पुरी खाल्ली आणि म्हणाला, "आई, माझं पोट फुल आहे." गोळ्या गोळा करायला पिशवी म्हणून नेलेला उशीचा अभ्रा मी त्याच्या मांडीवरून ओढून घेतला आणि सगळी चॉकलेटे चहाच्या चोथ्यावर, कचऱ्याच्या डब्यात ओतली. मित्रादेखत. अन्नाचा अपमान वगैरे काहीतरी बोललेही. तो रडला नाही. उठला, डोक्यावरचे खोके काढून चपलांच्या कपाटावर नीट ठेवले आणि वर निघून गेला. मित्राने मात्र थोड्या वेळाने हळूच विचारले की अजून बटाट्याची भाजी मिळेल का. त्याने पाच पुऱ्या खाल्ल्या. त्याची आई संध्याकाळच्या पाळीला होती आणि शाळेतले अकराचे जेवण सोडले तर दिवसभरात त्याच्या पोटात साखरेशिवाय काही गेले नव्हते.

सासूबाई ताट वाढून घेताना म्हणाल्या, "फराळ खाऊन जेवायला नको म्हणणारी पोरं काय मी पाहिली नाहीत? तुझा नवरा भाऊबीजेपर्यंत धड जेवायचा नाही." त्या वर्षी पाडव्याचे ओवाळणे झाले नाही.

मी अजूनही म्हणेन की दिवसभर खपून केलेल्या सणाच्या पानाकडे घरातल्या माणसाने बघावे, ही अपेक्षा अवास्तव नव्हती. आणि हेही सांगायला हवे की रात्री अकरा वाजता, सगळे झोपल्यावर, मी डब्यातून वेष्टन शाबूत असलेली चॉकलेटे एकेक करून काढली, ओल्या फडक्याने पुसली आणि अभ्रा पुन्हा भरून ठेवला. सकाळी मुलाने तो पाहिला आणि काही बोलला नाही. मीही नाही.

मिसळ दुसऱ्या वर्षी आली, ती त्या पाच पुऱ्यांमुळे. शाळेत अकराला जेवलेले मूल घरी येते तेव्हा त्याला खरी भूक लागलेली असते आणि हातात अजून पिशवी नसते. हा तासाभराचा वेळ गाठायचा, बाकी सोडून द्यायचे. मटकीला मोड आणून ठेवलेले असतात, उसळ शिजायला वेळ लागत नाही, आणि कट वेगळ्या पातेल्यात मंद आचेवर ठेवला की साडेआठला गारठून आलेले मोठे लोक उभ्याउभ्या वाटी भरून घेतात. गल्लीतली अमेरिकन घरे याच हिशेबाने चिलीचे, म्हणजे राजम्याच्या तिखट रश्शाचे, भांडे चढवून ठेवतात. तुम्हाला राजमा करायचा असेल तर कच्चा भिजवलेला राजमा थेट स्लो कुकरमध्ये, म्हणजे मंद उष्णतेवर तासन्‌तास शिजवणाऱ्या विजेच्या भांड्यात, घालू नका. त्यातले विषारी द्रव्य तेवढ्या उष्णतेने जात नाही आणि मळमळ-उलट्यांनी रात्र काढावी लागते. भिजवल्यावर पाणी बदलून आधी तो चांगला खळखळून उकळावा लागतो. आपला प्रेशर कुकर असताना हा खटाटोप कशाला, हे मला कळलेले नाही.

भोपळ्याचेही विचारता. कोरून आत मेणबत्ती लावायचा तो मोठा नारिंगी भोपळा खाण्यासाठी नसतोच. गर पाणचट आणि दोऱ्यांचा असतो. मी एकदा त्याचे घारगे करायला बसले आणि कणीक घालत घालत परात भरली, तरी गोळा होईना. आपल्याकडचा लाल भोपळा आणि इथला बटरनट भोपळा एकाच जातीचे आहेत, डबाबंद मिळणारा भोपळ्याचा गरही बहुधा त्याच जातीचा असतो. घारगे त्याचे करा. मोठ्या भोपळ्याच्या बिया तेवढ्या मीठ-हळद लावून भाजा. आणि रात्रभर आत मेणबत्ती जळालेला भोपळा दुसऱ्या दिवशी भरतासाठी आत आणू नका. होय, हे मला विचारले गेलेले आहे.

शाकाहारी जेवण या सणाला शोभते का, असेही विचारणारे असतात. पलीकडच्या घरातल्या वृद्ध आयरिश बाईंच्या लहानपणी ही रात्र सर्व ख्रिस्ती संतांच्या दिवसाची पूर्वसंध्या म्हणून मांसाविना पाळली जाई. कोबी किंवा केल ही पालेभाजी घालून कुस्करलेला बटाटा आणि ज्यात अंगठी दडवतात तो मनुकांचा पाव, एवढेच जेवण. त्यांना माझी मिसळ तिखट लागते, फरसाण आवडते.

तरी मिसळीने सगळे सुटले असे मी म्हणणार नाही. ओट्याशी उभे राहून, कोणी चारला तर कोणी नऊला खाल्लेल्या वाटीला मी अजून जेवण म्हणत नाही, आणि सासूबाई तर नाहीच म्हणत. 2024 साली 31 तारखेला नरकचतुर्दशी आली तेव्हा अभ्यंगस्नान आणि फराळ पहाटेच उरकल्याने निभावले. पुन्हा पाडवा आला तर पुरणाचा घाट घालीन की कट चढवीन, हे मला आजही सांगता येत नाही. मुलाला मध्यंतरी त्या रात्रीबद्दल विचारले तर त्याला फक्त धुराचा भोंगा आठवत होता, आणि तोही बाबांनी सांगितलेला. तो वाजला तेव्हा हा घरात नव्हता. अभ्र्याबद्दल मी विचारले नाही.

2026 साली 31 ऑक्टोबर शनिवारी येतो. शाळा नाही, म्हणजे अकराचे जेवण नाही, म्हणजे सव्वाचारची भूकही नाही. मुलीने आत्ताच सांगून ठेवले आहे की ती मैत्रिणीकडे पिझ्झा खाऊन परस्पर फिरायला जाणार आहे. मटकी किती भिजवायची ते मी अजून ठरवलेले नाही.