चावरा बत्ताशा

पहिल्या आठवड्यात बत्ताशा मला अकरा वेळा चावला. मोजलं कारण नवऱ्याशी वीस डॉलरची पैज लागली होती, तो म्हणाला तू महिन्याभरात याला परत देणार. आणि खरं सांगू का, दिलाच असता, पण देणार कोणाला, ऑफिसातल्या ज्या मैत्रिणीकडून आला ती नोकरी बदलून कॅलिफोर्नियाला गेलेली आणि तिकडे शुगर ग्लायडर पाळायला कायद्याने बंदी आहे, म्हणूनच तर तो इथे डॅलसला आमच्या गळ्यात पडला. टेक्सासमध्ये चालतं.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी, तळहातावर मावेल एवढा राखाडी प्राणी, वजन १२० ग्रॅम, पाठीवर काळा पट्टा, चेहऱ्याच्या मानाने अवाढव्य डोळे. पुढच्या पायापासून मागच्या पायापर्यंत कातडीचा पडदा असतो तो ताणून हा झाडावरून झाडावर तरंगत जातो. मूळ गाव ऑस्ट्रेलिया, न्यू गिनी. सासूबाईंना व्हिडिओ कॉलवर दाखवला तर म्हणाल्या "अगं हे तर आमच्याकडचं पाखरू!" म्हणजे सह्याद्रीतली उडती खार. म्हटलं आई, हा खारीचा कोणी लागत नाही, हा कांगारूच्या खानदानातला, यांची पिल्लं आईच्या पोटावरच्या पिशवीत वाढतात. तर म्हणाल्या "बरं, मग एवढ्या लहान वयात टक्कल कसं पडलं?" ते टक्कल नाही, नराच्या डोक्यावर वासाची ग्रंथी असते तिथे केस नसतात, पण हे आईंना आजतागायत पटलेलं नाही, त्यांच्या मते काळजीने गेलेत केस.

तर चावणं. आधी आवाज यायचा. सुकं खोबरं मिक्सरला लावल्यावर पहिल्या दोन सेकंदात जो येतो ना, अगदी तसला खर्रर्र, तोही एवढ्याशा जिवातून. इथले लोक त्याला क्रॅबिंग म्हणतात. मी पिंजऱ्यात हात घालायचे, तो खर्रर्र करत मागच्या पायांवर उभा राहायचा, मी घाबरत घाबरत हात पुढे न्यायचे आणि खच्च. खालचे पुढचे दोन दात लांब असतात, झाडाची साल खरवडून डिंक आणि रस खायला बनलेले, ते बोटात गेले की दोन बारीक भोकं पडतात आणि रक्त दिसायला एक क्षण जातो. मी किंचाळून हात बाहेर. रोज हेच.

इथेच चूक होती, कळायला तीन आठवडे लागले. मी हात मागे घेत होते म्हणजे त्याच्या हिशोबाने चावल्यावर संकट पळून जातं. मीच त्याला शिकवत होते की चाव, उपयोग होतो! आणि हात घालायचे वरून. जंगलात वरून येतं ते घुबड. शिवाय भर दुपारी उठवायचे, हा निशाचर प्राणी, मला कोणी रात्री तीनला उठवून कुरवाळायला लागलं तर मीही चावेन.

मग सगळं बदललं. दोन रात्री घालून झोपलेला माझा जुना टी-शर्ट कापून त्याचा तुकडा त्याच्या झोपायच्या पिशवीत ठेवला (दोरे सुटणारं कापड नको, नखं अडकतात, फ्लीस चालतं). दुपारी तो पिशवीत झोपलेला असताना ती पिशवी तशीच गळ्यात अडकवून मी लॅपटॉपवर काम करायचे. हात लावायचा नाही, फक्त माझा वास आणि आवाज. दहा-बारा दिवसांत मीटिंगमध्ये बोलायला लागले तरी आतून खर्रर्र येईना.

एकदा मात्र परत चावला, जोरात. मला रडूच आलं, म्हटलं सगळं पाण्यात. मग बोटं नाकाशी नेली तर लसणाचा वास, आमटीला फोडणी घालून तशीच आले होते. त्याच्यासाठी तो हात माझा नव्हताच. तेव्हापासून बिनवासाच्या साबणाने हात धुवायचे आणि मग टी-शर्टला पुसायचे.

रात्री साडेनऊनंतर त्याला बाथरूममध्ये मोकळं सोडायचं. कमोडचं झाकण बंद, दाराखालच्या फटीत टॉवेल, आणि मी टाइल्सवर मांडी घालून नुसती बसलेली. पहिले चार दिवस तो पडद्याच्या दांडीवरून उतरलाच नाही. पाचव्या दिवशी गुडघ्यावर आला, हुंगलं, पळाला. पपईचा तुकडा उघड्या तळहातावर, हात खाली जमिनीलगत आणि चावला तरी हलवायचा नाही. हे लिहायला सोपं आहे, करताना दातओठ खावे लागतात. दोनदा चावला, हात हलला नाही, तिसऱ्यांदा दात नुसते टेकवले आणि पपई घेतली.

आणखी एक, व्हेटने सांगितलेलं. हे कळपात राहणारे प्राणी, एकटे ठेवले की खंगतात, काही स्वतःचीच शेपटी कुरतडतात. बत्ताशा दोन वर्षं एकटा होता. शिवाय नुसत्या फळांवर वाढलेला, कॅल्शियम कमी पडलं तर यांचे मागचे पाय लुळे पडतात म्हणून आधी खाणं सुधारलं, मग त्याचं नसबंदीचं ऑपरेशन, मग काही आठवडे थांबून त्याला जोडीदारीण आणली, रेवडी. दोन पिंजरे शेजारी शेजारी, पिशव्यांची अदलाबदल, मग एकत्र. रेवडी पहिल्या दिवसापासून अंगाखांद्यावर, आणि तिला बघून हा माझ्याकडे जरा बऱ्या नजरेने बघायला लागला.

चावणं पूर्ण बंद झालंय का? नाही. आता माझ्या नखांच्या कडेची सुटलेली सालं दातांनी साफ करतो, रेवडीचे कान करतो तशी. मधेच उत्साहात जरा खोल जातो, मी "स्स्स" करते, तो थांबतो, माझ्याकडे बघतो, पुढचं बोट घेतो.

वीस डॉलर अजून मिळालेले नाहीत.