नोव्हेंबरच्या त्या गुरुवारी मी जेवायला का येत नाही

तुम्ही विचारलेत म्हणून, आणि दर वर्षी विचारता म्हणून, एकदा नीट लिहून काढते. "काकू, थँक्सगिव्हिंगला सगळे जमतात, तुम्हीच तेवढ्या का येत नाही?" अमेरिकेतल्या या आभारप्रदर्शनाच्या सणाबद्दलच्या या प्रश्नाला मी आजवर गुडघेदुखीपासून रस्त्यावरच्या बर्फापर्यंत अनेक कारणे पुढे केली. त्यांतले एकही खरे नव्हते. तुमच्या घरच्या अन्नाला मी नावे ठेवते असा समज झाल्याचे मागच्या वर्षी एकीने बोलून दाखवले. ते मला फार लागले.

आधी एक गोष्ट मान्य करते. या सणाचे मूळ म्हणून सांगतात ते १६२१ च्या शरदातले जेवण घडले होते. प्लिमथ या इंग्रज वसाहतीतल्या एडवर्ड विन्स्लोने त्याच वर्षी लिहिलेल्या पत्रात त्याचा उल्लेख आहे: तिथल्या मूळ रहिवाशांचा, वाम्पानोआगांचा, प्रमुख आणि त्याची सुमारे नव्वद माणसे, तीन दिवसांचा पाहुणचार, आणि त्या पाहुण्यांनीच शिकार करून आणलेली पाच हरणे. ही दंतकथा आहे असे मी कधीही म्हटलेले नाही. माझे भांडण गोष्ट जिथे थांबवली जाते त्या जागेशी आहे, आणि ती तिथे थांबवणाऱ्यांत मी स्वतः होते.

रविवारच्या मराठी शाळेत मी शिकवत असताना, एका वर्षी नोव्हेंबरच्या कार्यक्रमासाठी याच जेवणावर पंधरा मिनिटांची नाटिका बसवली होती. संवाद माझेच होते. पुठ्ठ्याच्या काळ्या टोप्या, रंगीत कागदाची पिसे, मधोमध सतरंजी आणि तिच्यावर मक्याची कणसे. प्रमुखाचे, म्हणजे ऊसामेक्विनचे (वसाहतवाले त्याला मॅसासॉइट या पदवीने ओळखत), काम एका नऊ वर्षांच्या मुलाकडे होते. तो ते इतके मन लावून करीत असे की तालीम संपली तरी सतरंजीवर मांडी घालून तसाच बसून राही. एका रविवारी त्याचा मुकुट फाटला. मी तो स्टेपलरने जोडत असताना त्याने विचारले, "बाई, माझ्या मुलांचे पुढे काय झाले?"

माझी मुले, असेच तो म्हणाला. मला उत्तर ठाऊक होते, कारण नाटिका लिहिण्यासाठी मी ग्रंथालयात बसून पुष्कळ वाचले होते. मी म्हणाले, "दोघेही मोठे होऊन राजे झाले."

शब्दशः पाहिले तर यात खोटे काही नव्हते. वडिलांमागून थोरला वामसुटा प्रमुख झाला. १६६२ मध्ये प्लिमथकरांनी त्याला जाबजबाबासाठी बोलावून नेले, त्यानंतर थोड्याच दिवसांत तो आजारी पडून मेला आणि धाकटा मेटाकॉम प्रमुख झाला. याच मेटाकॉमला इंग्रज 'किंग फिलिप' म्हणत. १६७५ मध्ये त्याचे आणि इंग्रजांचे युद्ध पेटले. १२ ऑगस्ट १६७६ रोजी त्याला गोळी घालण्यात आली, प्रेताचे तुकडे करण्यात आले आणि मस्तक प्लिमथला आणून भाल्यावर लावण्यात आले. ते तिथे कित्येक वर्षे तसेच होते. ज्या दिवशी ते गावात आले, तो दिवस प्लिमथने देवाचे आभार मानण्यासाठी, म्हणजे थँक्सगिव्हिंगसाठीच, राखून ठेवलेला होता. मेटाकॉमची बायको आणि मुलगा त्याआधीच कैदेत सापडले होते. या मुलाचे काय करावे यावर धर्मोपदेशकांनी एकमेकांना पत्रे लिहिली. बापाच्या अपराधासाठी मुलाला ठार मारण्यास शास्त्राचा आधार आहे असे काहींनी कळवले, तर जेम्स कीथ नावाच्या एकाने बायबलमधलीच वचने काढून दयेची बाजू मांडली. शेवटी मार्च १६७७ मधल्या एका पत्रात एवढेच येते की फिलिपचा मुलगा आता विकला जाण्यासाठी निघाला आहे.

सात वर्षांनी तोच विद्यार्थी माझ्या दारात उभा राहिला. सोळा वर्षांचा झाला होता आणि शाळेसाठी या युद्धावर निबंध लिहीत होता. मी आत बोलावले, पण त्याने बूट काढले नाहीत, दारातल्या पायपुसण्यावरच उभा राहिला. "बाई, तुम्हाला माहीत होते ना?" मी हो म्हणाले. "मी माझ्या वर्गात सगळ्यांना सांगितले होते की ते राजे झाले." मला राग आला, हे कबूल करते. नऊ वर्षांच्या पोराला भाल्यावरचे मस्तक सांगायचे होते का, असे मी चढ्या आवाजात विचारले. तो म्हणाला, "तो मुलगाही नऊच वर्षांचा होता."

त्यानंतरच्या नोव्हेंबरपासून मी तुमच्याकडे येत नाही.

तेव्हाच्या मला मी आजही पुरती दोषी ठरवू शकत नाही. फाटका मुकुट हातात असताना, बाहेर पालक गाड्यांत खोळंबलेले असताना, दुसरे काय सांगता आले असते? पण हेही खरे की मस्तकाची गोष्ट टाळूनही सांगण्यासारखे बरेच होते. गुरांची गोष्ट सांगता आली असती. वाम्पानोआगांच्या शेतांना कुंपण नव्हते, कारण कुंपण घालावे असे जनावरच त्यांच्याकडे नव्हते. मका, घेवडा आणि भोपळा ते एकाच वाफ्यात लावत. १६२४ मध्ये प्लिमथला पहिली गुरे जहाजातून उतरली. डुकरे तर मोकाटच सोडलेली असत. ती उभ्या पिकात घुसत आणि ओहोटीच्या चिखलातले शिंपले उकरून खात. नुकसानीची तक्रार केली की कोर्ट इंग्रजांचे, आणि भरपाई मागण्याआधी कुंपण घातले होते का, हा प्रश्न ठरलेला. ज्यांच्या गावी कोंडवाडा होता, त्या माझ्यासारखीला हे समजावून सांगायला पुस्तकाची गरज नव्हती.

युद्धाच्या तोंडावर, जून १६७५ मध्ये, मेटाकॉमची शेजारच्या ऱ्होड आयलंड वसाहतीच्या जॉन ईस्टनशी बोलणी झाली, आणि ती ईस्टनने लिहून ठेवली आहेत. वाम्पानोआगांचे म्हणणे असे, की इंग्रज पहिल्यांदा आले तेव्हा आमच्या राजाचा बाप मोठा माणूस होता आणि इंग्रज लहान मुलासारखे होते. त्याने त्यांना इतरांपासून जपले, मका दिला, पेरायला शिकवले. आता आम्ही तीस मैल दूर सरकलो तरी इंग्रजांच्या गुराढोरांपासून पीक राखता येत नाही. सतरंजीवरचे जेवण आणि भाल्यावरचे मस्तक यांच्यात पंचावन्न वर्षे आहेत, आणि ती सारी या तीन-चार वाक्यांत आहेत. माझ्या नाटिकेत ती घालायला दोन मिनिटेसुद्धा लागली नसती.

तुमच्यापैकी काही जण म्हणतात, आपण इथे कालपरवा आलो, या पापाशी आपला काय संबंध? मला हे इतके सरळ वाटत नाही. माझी आजी नगरच्या अमेरिकन मिशनच्या मुलींच्या शाळेत लिहायला शिकली. ते मिशन चालवणारे मंडळ १८१० मध्ये याच मॅसॅच्युसेट्समध्ये स्थापन झाले, आणि त्याची माणसे १८१३ मध्ये मुंबईला व १८३१ मध्ये नगरला पोचली. मॅसॅच्युसेट्स बे वसाहतीच्या १६२९ च्या शिक्क्यावर एक मूळ रहिवासी हातांत धनुष्य आणि बाण घेऊन म्हणतो, 'इकडे या आणि आम्हाला मदत करा.' हे वाक्य त्याच्या तोंडी इंग्रजांनी घातले होते. तो शिक्का पाहिला की आजीचे वळणदार अक्षर डोळ्यांपुढे येते, आणि कृतज्ञता कुठे संपते व संताप कुठे सुरू होतो, ते मला ठरवता येत नाही. शिवाय ज्या घरात बसून हे लिहिते आहे, त्याचे खरेदीखत मालकामागून मालक असे मागे नेले तर कुठे पोचेल, हे मला कळते, आणि तरीही मी घर विकलेले नाही.

प्लिमथच्या कोल्स हिलवर १९७० पासून याच गुरुवारी मूळ रहिवासी शोकदिन पाळतात. वाम्पानोआग असलेल्या फ्रँक जेम्स यांना त्या वर्षी वसाहतीच्या साडेतीनशेव्या वर्धापनासाठी भाषणाला बोलावले होते. संयोजकांनी आधी मजकूर मागवला, तो बदलण्यास सांगितले आणि त्यांनी नकार दिला. तिथूनच या दिवसाची सुरुवात झाली. मी एकदाच गेले. गर्दीच्या कडेला उभी राहिले, आणि हा शोक माझा नाही, तो उसना घेऊन मिरवू नये, असे वाटून भाषणे संपण्याआधीच परत फिरले. तेव्हा त्या दिवशी मी तिथेही नसते आणि तुमच्या पंगतीतही नसते. घरीच असते.

यंदाचे पहिले आमंत्रण त्याच मुलाचे आले आहे. त्याचे लग्न झाले, स्वतःचे घर झाले. मांडी घालून जेवायला बसू, बाई, असे तो फोनवर म्हणाला. मी अजून त्याला काहीच कळवलेले नाही.